बहात्तर टाके

"टोपी काढा त्याची," सीटी स्कॅनच्या यंत्रावरची बोग्ना म्हणाली, तेव्हा तेओफिलानं नातवाच्या डोक्यावरची लाल टोपी उलट आणखी खाली ओढली.

"चाळीस डिग्री ताप आहे पोराला! टोपी काय बघताय? फोटो काढा लवकर."

चार वर्षांचा कायतेक सीटीच्या टेबलावर धापा टाकत पडला होता. वर्षातला हा तिसरा न्यूमोनिया. लेक त्याच्या दीड वर्षाच्या बहिणीला, इडाला घेऊन घरी अडकलेली, म्हणून तेओफिलाच त्याला घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात आली होती. पिशवीत इडाची अर्धवट विणलेली पिवळी टोपी होती. डॉक्टरांनी सीटी लिहून दिलाय, आता ही यंत्रावरची बाई कशाची वाट बघतेय, देव जाणे!

बोग्नानं स्वतःच टोपी काढली आणि पोराच्या डोक्यावर तळवा ठेवला.

"आजी, डोकं पहिल्यापासून एवढंच?"

"आमच्या घराण्यात सगळ्यांचीच डोकी लहान. अक्कल मात्र बक्कळ!" तेओफिला तडकली. "दर डिसेंबरात मिकोवायच्या सणाला नवी टोपी विणते मी. बहात्तर टाके. तीन वर्षांत आकडा बदलावा लागला नाही."

हे ती तोऱ्यात बोलली. बोग्नानं मात्र फोन उचलला.

"डॉक्टर, मी सीटी करत नाही. याचं डोकं वाढलेलं नाही, आणि ताप सारखा उलटतोय. आधी रक्त तपासा, छातीची सोनोग्राफी करा."

पलीकडचा आवाज तेओफिलालाही ऐकू आला. "तुमचं काम बटण दाबायचं!"

"मग खाली येऊन तुम्हीच दाबा."

बोग्नानं फोन ठेवला. तेओफिलाचा संताप अनावर झाला.

"माझं पोर तिकडे तडफडतंय आणि तुम्ही भांडताय? दाबा ते बटण, नाहीतर मी दाबते!"

"आजी, ऐका." बोग्ना यंत्राच्या आड उभी राहिली. "मेंदू घडताना पेशींच्या आतले डीएनएचे धागे तुटतात. आजाराशी लढणाऱ्या पेशी तर ते मुद्दाम तोडतात आणि नव्यानं जोडतात. काही मुलांना तुटलेलं सांधताच येत नाही. मग डोकं वाढत नाही, ताप पाठ सोडत नाही. आणि या यंत्राचे किरण आणखी धागे तोडतात."

"आमच्या घरात असलं काही नाही. लेक, जावई, दोघं घोड्यासारखे धडधाकट आहेत."

"आईबाप धडधाकटच असतात, आजी. दोघांतही दोष लपून असतो, निघतो तो मुलांत."

डॉक्टर तणतणतच आले. बोग्नानं मोजायची फीत पुढे केली. त्यांनी कायतेकच्या डोक्याभोवती ती गुंडाळली, आकडा बघितला, पुन्हा गुंडाळली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "सोनोग्राफीला न्या. रक्त आजच पाठवा. आणि औषध आत्ता सुरू करा."

पोराला नेलं. तेओफिलाही मागोमाग निघाली, पण दारात थबकली. तिनं पिशवीतून पिवळी टोपी काढली आणि सुईवरचे टाके बोटानं मोजले. लेक कालच फोनवर हसत म्हणाली होती, इडाला मागच्या वर्षीचीच अजून बसते, आई, तेवढीच विण.

तिनं पुन्हा एकदा मोजले. मग ती मागे वळली.

"बाई," ती म्हणाली, "ती फीत जरा द्याल का? घरी न्यायचीय."