दुपारी थांबणारी मोटार

सिद्राम आपली जुनी टॅक्सी घेऊन सोलापुरात धर्मपाल मिस्त्रीच्या गॅरेजात आला आणि गाडीऐवजी देवाचंच गाऱ्हाणं सांगू लागला. अक्कलकोटहून सोलापूरला येताना एका लिंबाखाली शेंदूर फासलेला धोंडा आहे. तिथं आलं की गाडी बंद पडते. विहिरीचं पाणी आणून धोंड्याला अंघोळ घालायची, उदबत्ती लावायची, नारळ फोडून खोबरं वाटायचं, की गाडी पहिल्याच दमात चालू. दोन मिस्त्र्यांनी गॅरेजात उभी करून ती खोलली, प्लग बदलले. पण गुण आला नाही.

एरवी सिद्रामनं नारळावर भागवलं असतं. पण त्याच्या बायकोला, गौरम्माला, नववा लागला होता. मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की तडक सोलापूरच्या दवाखान्यात आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाटेत अर्धा तास देवाची मनधरणी करायला आता सवड कुणाला होती?

धर्मपालची एक खोड होती. खोदून खोदून विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पहाटे बंद पडते का? नाही. थंडीत पडायची का? तेही नाही. मग हा देव फक्त उन्हाळ्यात आणि दुपारचाच जागा असतो की काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा सिद्राम डोकं खाजवू लागला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं अक्कलकोटहून निघाले. लिंब आला, इंजिननं आचके दिले आणि गाडी गप्प झाली. सिद्राम सवयीनं नारळ घेऊन उतरला. धर्मपालनं त्याला थांबवलं, तसा त्याचा चेहरा उतरला.

"मिस्त्री, देवाला डिवचू नगा. घरात बाई अवघडलीया."

त्याची भीती खरी होती, म्हणून धर्मपाल हसला नाही. त्यानं प्लगची वायर काढून इंजिनाजवळ धरली आणि चावी फिरवायला सांगितली. ठिणगी पडेना. मग ठिणगीला करंट देणाऱ्या कॉइलला त्यानं हात लावला, तो चटका बसून मागंच घेतला. दुपारच्या उन्हात लिंबापर्यंत येईतो ती पुरती तापत असणार. तापली की आतली तार सुटत असणार, निवली की पुन्हा जुळत असणार. गॅरेजातल्या गार गाडीत ते कुणाला कसं सापडावं? अर्ध्या तासाच्या पूजेत देव प्रसन्न होई की नाही कोण जाणे, कॉइल मात्र निवत होती. धर्मपालला त्या पूजेचं कौतुकच वाटलं.

त्यानं पंचा विहिरीवर भिजवून कॉइलला गुंडाळला. पाच मिनिटांत गाडी सुरू झाली. सिद्राम नारळ धरून तसाच उभा राहिला. आता याचं काय करावं, हे त्याला कळेना.

"फोडा की," धर्मपाल म्हणाला, "इंजिन तेवढं बंद करू नगा."

संध्याकाळी नवी कॉइल बसली. नऊ दिवसांनी, ऊन डोक्यावर असताना, सिद्रामची टॅक्सी गॅरेजसमोर दिसली. मागं गौरम्मा आईला रेलून बसली होती. सिद्राम थांबला नाही, त्यानं मान वळवूनही पाहिलं नाही. धर्मपाल हातातलं काम टाकून रस्त्यावर आला आणि गाडी दवाखान्याच्या वळणाआड जाईपर्यंत कान देऊन ऐकत राहिला. आवाज एकदाही अडखळला नाही. दारावरून न थांबता गेलेल्या गिऱ्हाइकानं त्याला एवढा आनंद कधी दिला नव्हता.