पॉलकाकांची काठी

म्हातारा बेफिकीर होता, असं तुम्ही सांगितलंत. जीपमधून उतरलात, गॉगल कपाळावर चढवलात आणि कॅमेऱ्यांसमोर बोललात, "कुटुंबातल्या वृद्धाच्या निष्काळजीपणामुळे ही घटना घडली." तो म्हातारा तेव्हा तुमच्या मागेच उभा होता. ओल्या पँटमध्ये, हातात सुनेच्या चपला धरून. तुम्ही वळून बघितलंसुद्धा नाहीत.

ते माझे पॉलकाका. तहसीलदारसाहेब, आता त्यांचं ऐका.

वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर काकांचा जन्म गेला. तिथे त्यांचं मत कुणी विचारलं नाही. घरात ॲनीकाकीचा शब्द चालायचा. काकांनी बाहेर जाताना कुठला शर्ट घालायचा हेही तीच ठरवायची. पण मे महिन्यातल्या एका रविवारी आमचं सगळं खानदान टेम्पोत बसून कळंबच्या समुद्रावर जायचं, आणि त्या दिवसापुरते काका साहेब व्हायचे. आम्हीच म्हणायचो, साहेब, दर्या उघडा.

मग काका एक लांब काठी खांद्यावर टाकून सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरायचे. काठीच्या टोकाला आमच्या आजीच्या लाल लुगड्याची पट्टी बांधलेली. पाणी कमरेला लागलं की काठी वाळूत रोवायची आणि परत येऊन सगळ्यांना बजावायचं, "हिच्या पुढे जो जाईल, तो मटणाचा टोप घासेल. फादर आले तरी घासतील." एका वर्षी फादर खरंच आले, मुद्दाम काठीपल्याड गेले आणि झगा वर खोचून वाळूने टोप घासत बसले. ती गोष्ट आम्ही दरवर्षी नव्याने सांगतो.

घरात नवी सून आली असेल, तर काठीला पहिला हात तिचा. तिने एकटीने जायचं, लुगड्याच्या पट्टीला गाठ मारायची आणि परत यायचं. मग बाकीचे पाण्यात. आजी म्हणायची, नव्या माणसाची दर्याशी ओळख करून द्यावी, म्हणजे दर्या त्याला परकं समजत नाही.

या वर्षी नवी सून होती कॅथरिन, काकांच्या फ्लॉईडची बायको. जालन्याकडची पोर. लग्नाआधी समुद्र फक्त फोनवर बघितलेला. ती कचरत होती, फ्लॉईडला सोबत चल म्हणत होती. काकी तिला म्हणाली, "जा गं. सासऱ्याने रस्ता करून ठेवलाय. आयुष्यात तेवढं एकच काम केलंय त्याने."

सगळे हसले. काकाही हसले. म्हणाले, "घाबरू नको, बाळा. तळ सपाट आहे."

काका काठीपर्यंत सरळ गेले होते आणि सरळच परत आले होते. इतकी वर्षं तेवढं पुरायचं. तळ ताटासारखा, उजवीडावीकडे तपासायचं कुणाच्या मनातही येत नसे. कॅथरिन निघाली. एका लाटेने तिला जरा डावीकडे ढकललं. काठी हातभर राहिली होती, आणि पोर दिसेनाशी झाली.

काठीच्या अलीकडे, साहेब. अलीकडे.

आम्हाला वाटलं, पोर गंमत करतेय. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. फ्लॉईड धावला, त्याच्या मागे कळंबचे दोन कोळी. बाहेर काढली तेव्हा तिच्या नाकातोंडात वाळू होती. वाचली. ती वाचली म्हणून तुमच्यासाठी विषय मिटला. ती अजून डोक्यावरून पाणी घेत नाही. मोरीत शिरली की दार उघडं ठेवते आणि बाहेर काकी बसलेली लागते.

हॉस्पिटलच्या बाकड्यावर काका एकच वाक्य घोळवत होते, मी सपाट म्हटलं, मी म्हटलं. तिथल्या टीव्हीवर तुम्ही आलात. फ्लॉईड शिवी घालून उठला, तर काकांनी त्याचा हात धरला. "बरोबर बोलतोय तो माणूस," म्हणाले.

कळंबच्या यमुनाबाईंच्या झावळ्यांच्या झापाखाली आमची चूल दरवर्षी पेटते. सुनेला घरी आणल्यावर त्या बघायला आल्या. जाताना ओट्यावर काकांपाशी थांबल्या.

"पॉलभाऊ, तुमचा दोष नाय. मशीन लावून रेती उपसली तितं. आमी तहसीलात सांगितलं, निदान पाटी तरी लावा. आयकतो कोन? पानी चढलं का खड्डा दिसत नाय."

दुसऱ्या दिवशी काका काठी घेऊन एकटेच रिक्षाने कळंबला गेले. काकीने शर्टाचं नावही काढलं नाही. ओहोटीला त्यांनी खड्ड्याच्या काठावर काठी रोवली, बुडाशी दगड रचले आणि लाल पट्टी वर घट्ट बांधली. कुणाच्यातरी पोरीला दिसावी म्हणून.

आठवडाही झाला नाही आणि तुमची जीप आली. विनापरवाना अडथळा म्हणून काठी उपटून नेली.

काका तुमच्याकडे आले तेव्हा मी सोबत होतो. तुमचं जेवण होईपर्यंत आम्ही बाहेर बसलो. मला वाटलं, आता तरी हा माणूस भांडेल. खड्ड्याबद्दल, टीव्हीवरच्या त्या वाक्याबद्दल. काका टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काठी राहू द्या. वरचं कापड तेवढं द्या. माझ्या आईचं आहे."

तुम्ही मोबाईलवरून मान वर केली नाहीत. जप्तीचा माल आहे, म्हणालात, सोमवारी या.

काका सोमवारी आले. पुढच्या सोमवारीही आले. खड्डा तसाच आहे, पाटी नाही, आणि शाळांना अजून सुट्टी आहे. एवढ्या लांबलचक किनाऱ्यावर तुम्हाला वीतभर लाल कापड दिसलं. मग खड्डा का दिसला नाही?

पॉलकाका आत्ता तुमच्या दाराबाहेरच्या बाकड्यावर बसलेत, काकीने काढून दिलेल्या पांढऱ्या शर्टात. बाहेर या, साहेब. उत्तर द्या.