शेजारी उभी असलेली बाई

जगात कुठलीच जादू फुकट नसते. प्रत्येक चमत्काराची किंमत कुणाच्या तरी हाडांत मुरते आणि उभ्या जन्मात ती भरून निघत नाही. ही त्याच्या कादंबरीची पहिली दोन वाक्यं. ती लिहायला त्याला चौदा महिने लागले होते. पहिल्या वाचकाने त्यांवर मत नोंदवलं: "पुस्तकाची किंमत फार आहे. पार्सल मात्र वेळेवर आलं. चार तारे."

तो इस्पितळात एक्स-रे काढायचा. एकतीस वर्षं तीच खोली, तोच शिशाचा पडदा आणि तीच तीन वाक्यं. श्वास घ्या. रोखून धरा. सोडा. एकदा तो कादंबरीतल्या एका पुलाचा विचार करत बसला आणि "सोडा" म्हणायचंच विसरला. टेबलावरच्या आजी निळ्या पडेपर्यंत आज्ञाधारकपणे थांबल्या. पुढे सिस्टर त्याला रोज विचारायच्या, "काय लेखक, आज सगळ्यांना सोडलंत ना?"

कादंबरीची कल्पना त्याला छातीवरच्या बिल्ल्यावरून सुचली होती. किरणांच्या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला असा एक बिल्ला लावावा लागतो. तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो, आणि अंगावर किती किरण पडले त्याचा आकडा येतो. कादंबरीतलं शहर आपल्यासारखंच, लिफ्ट बंद आणि रस्ते खणलेले. फक्त तिथे परवानाधारक जादूगार होते. त्यांच्या कोटावर असाच बिल्ला. एक जादू केली की बिल्ला एक छटा काळा. पूर्ण काळा झाला की जादूगार संपला. नायक अडकलेल्या लिफ्ट सोडवायचा, हरवलेली माणसं शोधायचा आणि दर वेळी स्वतःला थोडा थोडा खर्च करायचा. चारशे बारा पानं. नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत बायको टेबलावर चहा आणून ठेवायची आणि गार झालेला उचलून न्यायची. आतल्या खोलीत त्याची आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. ते कोण वळवायचं हा प्रश्न घरात कधी निघाला नाही, म्हणजे उत्तर ठरलेलं होतं. आई गेली तेव्हा तो विसाव्या प्रकरणात होता. बायको म्हणाली, "प्रकरण संपवून या हवं तर, मी सगळ्यांना फोन लावते." हे तो पुढे पुष्कळ दिवस लोकांना कौतुकाने सांगत असे.

पुस्तक आलं आणि बाराव्या दिवशी बायकोने एक बॅग भरली.

"ताईकडे जातेय. तिच्या दुकानात माणूस हवंय."

"किती दिवस?"

"बघू."

तिची थोरली बहीण शेजारच्या गावात चष्म्याचं दुकान चालवायची. "बघू" हे उत्तर त्या दुकानाला शोभत असलं तरी त्याला ते पुरलं नाही. त्याने कपाटातली एक प्रत काढली आणि बॅगेत घातली. "हे वाच," तो म्हणाला. "मग काय ते ठरव."

"बरं," ती म्हणाली. ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

मग तो मतं वाचू लागला. पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर, कादंबरीच्या चित्राखाली ती एकेक करून उगवत. बायको फोनवर बोलणारी नव्हती, पण लिहील, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली होती. सकाळी, दुपारी, दोन पेशंटच्या मध्ये, तो पडद्यामागे उभा राहून फोन बघे.

"जादूगारांना परवाना लागतो हे पटलं. आमच्याकडे सगळ्यालाच लागतो. तीन तारे."

"तीन आठवडे झोप येत नव्हती. या पुस्तकाने आली. लेखकाचे आभार. पाच तारे."

"मुखपृष्ठावर दाखवलेला ड्रॅगन आत कुठेच नाही. फसवणूक. एक तारा." मुखपृष्ठावर ड्रॅगन नव्हता, क्रेन होती.

हाडांच्या डॉक्टरांनी पदव्यांसकट मत दिलं: "सांगाडा मजबूत आहे. मांस भरायचं राहिलं." शिवाय व्हरांड्यात गाठून म्हणाले, "दिलंय हं मत. आता त्या गुडघ्याच्या फिल्म जरा लवकर द्या."

आणि मग एका मंगळवारी, पाऊल मुरगळलेला पोस्टमन टेबलावर झोपलेला असताना, ते आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं "एक वाचक".

"नायक प्रत्येक जादूच्या आधी कोट काढतो आणि बायकोच्या हातात देतो. बिल्ला कोटाला लावलेला आहे. म्हणजे काळा होत जाणारा बिल्ला नायकाची नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या बाईची मोजणी करतो. मी मोजलं, एकशे सात वेळा तिने कोट धरला आहे. चारशे बारा पानांत तिला एकही वाक्य नाही. शेवटच्या पानावर नायक थकून बसतो आणि ती कोट धरून उभीच आहे. किंमत कोण देतंय हे लेखकाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. दोन तारे."

"रोखून धरू का अजून?" पोस्टमनने विचारलं.

"पायाच्या फोटोला श्वास रोखायची गरज नसते," तो म्हणाला आणि स्टुलावर बसला.

चूक खरी होती, आणि ती दुसऱ्या कुणी केली असती तर एक वेळ चाललं असतं. त्याच्या धंद्यातला पहिला धडाच तो. बिल्ला ज्याच्या अंगावर, मोजणी त्याची. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो स्वतः बिल्ला शिशाच्या एप्रनला टोचून खोलीतच विसरला होता आणि मोठी चौकशी झाली होती. तरी नऊ वर्षं त्याने नायकाला कोट काढायला लावला, कारण कोट घालून हात वर करताना माणूस रुबाबदार दिसत नाही.

पण तो हलला तो चुकीमुळे नाही. हे मत कुणाचं, ते त्याला कळलं होतं. एकशे सात वेळा कोण मोजेल? ज्याने धरला तोच.

सिस्टरना त्याने फोन दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं.

"तुमच्या मिसेस?"

"दुसरं कोण?"

"मग फोन लावा की सरळ. हे असं चव्हाट्यावर काय?"

"फोनवर ती बरं म्हणते."

"आणि इथे दोन तारे देते," सिस्टर म्हणाल्या. "मी असते तर तेही दिले नसते."

त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत त्याने त्या मताखाली उत्तर लिहायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द शोधावे लागले नाहीत. गार चहाचं लिहिलं. आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही हे डॉक्टरांनी नवल करून सांगितलं, तेव्हा आपण त्या कौतुकाला मान डोलावली, ते लिहिलं. विसाव्या प्रकरणाचं लिहिलं. घरात शिरताना आपण पिशवी, छत्री, डबा न बघता पुढे धरतो आणि ते कधीही जमिनीवर पडत नाही, हे लिहिलं. "तू म्हणशील तर पुस्तक बाजारातून परत घेतो. तू म्हणशील तर दुसरा भाग लिहितो आणि त्यात फक्त तूच बोलशील. पण घरी ये."

संकेतस्थळ एका वेळी पाचशे अक्षरंच घ्यायचं. मजकुराचे सहा तुकडे करावे लागले. नवीन उत्तर सगळ्यात वर, असा तिथला नियम असल्यामुळे माफीनामा "पण घरी ये"च्या तुकड्यापासून सुरू होऊन "प्रिय"च्या तुकड्यावर संपत होता.

संध्याकाळपर्यंत लोक जमले. एकाने लिहिलं, "घरगुती भांडणं इथे नकोत." दुसऱ्याने लिहिलं, "कादंबरीपेक्षा हे बरं आहे. भाग दोन कधी?" झोप लागलेल्या वाचकाने कळवलं की ह्याने झोप उडाली, आणि एक तारा कमी केला.

"एक वाचक"चं उत्तर मात्र येईना. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी त्याने रजा टाकली आणि बस पकडली.

दुकान अरुंद होतं. दोन्ही भिंतींवर चष्म्यांच्या रिकाम्या चौकटी, टोकाला उजळलेला अक्षरांचा तक्ता आणि त्याच्यासमोर एक उंच खुर्ची. बायको पांढरा डगला घालून तक्त्याशेजारी उभी होती, हातात छडी. एक म्हातारे गृहस्थ अक्षरं वाचत होते आणि ती म्हणत होती, "अंदाज नको. दिसतंय तेच सांगा." हा आवाज त्याने घरात कधी ऐकला नव्हता.

"अगंबाई, भाऊजी!" थोरली मेहुणी गल्ल्यावरून म्हणाली. "न कळवता? बसा त्या खुर्चीत, आता रिकामी होईल. उभं राहिलात तर दार अडतं."

तो खुर्चीत बसला. बायकोने त्याच्या नाकावर लोखंडी चौकट चढवली आणि एका डोळ्यावर झाकण लावलं. "आलाच आहात तर नंबर बघून टाकू. तिसरी ओळ."

"मी लिहिलेलं वाचलंस?"

"तिसरी ओळ, अहो."

त्याने तिसरी ओळ वाचली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोटाचं तू बरोबर पकडलंस. मला कळायला हवं होतं. माझा तर धंदाच तो."

"कसला कोट?"

"दोन तारे दिलेस. योग्यच दिलेस."

तिने काच बदलली. "आता स्पष्ट दिसतंय की आधी दिसत होतं?"

"आधी."

"कसले तारे गं?" मेहुणीने गल्ल्यावरून विचारलं. "डोळ्यांपुढे चमकतात का यांच्या? मग डॉक्टरकडे पाठव, आपलं काम नाही ते."

"पुस्तकाचं असेल काहीतरी."

"ते होय! ते तुझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे. छत्री शोधताना हाताला लागलं होतं." मेहुणी मदतीला तत्पर बाई. ती आत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

वरचं प्लॅस्टिक जसंच्या तसं होतं. देताना कोपऱ्यावरचा अंगठ्याचा ठसा त्याने स्वतः फुंकर मारून पुसला होता, तिथे दुसरा उमटलेला नव्हता.

"वाचणार होते," बायको म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. "राहिलं."

लोखंडी चौकटीत त्याचा एक डोळा झाकलेला होता. दुसऱ्याने तो तिच्याकडे बघत राहिला. "मग तू गेलीस का?"

तिने छडी खाली केली आणि खरोखरच विचार केला, हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नसल्यासारखा.

"इथे बरं वाटतं," ती म्हणाली.

"माझं काही चुकलं म्हणून...?"

"तसं काही नाही हो." हे तिने अगदी मायेने सांगितलं. "सकाळी दुकान उघडते. माणसं येतात. मी विचारते, ती सांगतात. दुपारी ताई आणि मी रेडिओ ऐकतो. तुमचं काय त्यात?"

"परत कधी येशील?"

मेहुणीने एकाएकी चष्म्याच्या डब्या रचायला घेतल्या.

"शेवटची ओळ वाचा," बायको म्हणाली.

त्याने डोळा बारीक केला. शेवटची ओळ म्हणजे मुंग्यांची रांग होती. "नाही दिसत."

"नंबर वाढलाय." तिने कार्डावर काहीतरी लिहिलं. "चष्मा गुरुवारी होईल. ताई पाठवेल कुरियरने, एवढ्यासाठी हेलपाटा नको घालू."

"नको घालू" म्हणाली. तीस वर्षं ती त्याला "तुम्ही" म्हणत आली होती, परवापर्यंत, आत्ता दोन मिनिटांपूर्वीपर्यंत. बहुधा तिच्याही लक्षात आलं नसावं. पुढचं गिऱ्हाईक खुर्चीशी येऊन उभं होतं.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. "एक वाचक"ने उत्तर दिलं होतं.

"लेखक महाशय, मी बाई नाही. वजन-मापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक आहे. एकोणचाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले, त्यामुळे काटा चुकला की बोलून दाखवायची खोड आहे. आपल्या घरावर टीका करण्याचा हेतू नव्हता. उत्तराला उशीर झाला, कारण आपला मजकूर मी आधी उलटा वाचला. मातोश्रींबद्दल वाचून वाईट वाटलं. परिस्थिती पाहता एक तारा वाढवत आहे."

सोमवारी तो कामावर गेला. खोलीत शिरताना पिशवी घरच्या सवयीने पुढे धरली, ती जमिनीवर पडली. सिस्टरनी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "तीन तारे झाले." दुपारी त्याच्या टेबलावर बिल्ल्याचा तिमाही अहवाल आला: मोजण्याइतकं काही आढळलं नाही. त्याने तो फाइलला लावला. फाइलमध्ये एकतीस वर्षांचे अहवाल होते आणि सगळे असेच होते. फक्त पहिल्या वर्षी एकदा मोठा आकडा आला होता. त्या दिवशी बिल्ला खोलीत होता आणि तो बाहेर चहा पीत होता.