आठवा थेंब

मित्रांनो, मी एक जुना, फणसाच्या लाकडाचा पाट आहे. कावेरीकाठच्या कुंभकोणमजवळच्या एका घरात धर्मांबाळ सून होऊन आली, तेव्हा सुताराने मला घडवलं. दिवाळीचं अभ्यंग माझ्यावरच व्हायचं. याचा मला भारी तोरा होता.

त्या पहाटे तिळाच्या तेलात मिरी आणि विड्याचं पान तडतडे. शिकेकाई, तरवडाची फुलं, वाळा यांचा वास रस्त्यापर्यंत जाई. कुणाच्याही डोक्याला तेल लागण्याआधी धर्मांबाळ बोटाने माझ्यावर सात थेंब ठेवी, सात चिरंजीवांच्या नावाचे. पहिला अश्वत्थाम्याचा.

एका दिवाळीला तिचा मुलगा पंचापकेशन डोक्याला तेल लावून बसला होता. नोकरीवरून वडिलांशी त्याची जुंपली. तो ताडकन उठला, मला लाथ मारली आणि तसाच तेलकट डोक्याने निघून गेला. तो परत आला नाही. माझ्या कडेला भेग पडली.

पुढच्या वर्षी धर्मांबाळने आठवा थेंब ठेवला, त्याच्या नावाचा, नेमका भेगेवर. सात थेंब तसेच राहिले. आठवा नाहीसा झाला.

"बघितलंस? घेतलं त्यानं!" ती सुनेला म्हणाली. "जिवंत आहे गं माझा पंचू!"

सून कोकिळम, पंचूची बायको, तेव्हा वीस वर्षांची होती. दर दिवाळीला तिचा भाऊ सेतुराम तिला न्यायला येई.

"अम्मा, पाच वर्षं झाली. पोरीला शिकू दे, मास्तरीण होऊ दे. किती दिवस कोंडणार तिला?"

"मी कुठं कोंडलंय? दार उघडंच आहे. हे तेल कोण पितं तेवढं सांग, आणि खुशाल ने."

सेतुराम एकटाच परत जाई. कोकिळम बांधलेली पेटी पुन्हा सोडायला आत जाई.

मित्रांनो, तेल मी पीत होतो. मी लाकूड आहे. भेगेत तेल पडलं की आत मुरतंच. हे तिला सांगायला मला तोंड नव्हतं, आणि त्याचं दुःख मला अजून पोखरतंय.

धर्मांबाळ जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घरात कोकिळम आणि मी. तिचे केस पांढरे झालेत. आज पहाटे तिने आठ थेंब ठेवले, त्याच्यासाठी आणलेल्या नव्या धोतराच्या टोकाला शकुनाची हळद लावली आणि माझ्यासमोर बसून राहिली. आठवा थेंब आत गेला तशी ती हसली.

"आलात? बसा. किती वर्षं तेल डोक्यावर घेऊन फिरताय!"

आणि रिकाम्या पाटावर तिने शिकेकाईचं ऊन ऊन पाणी ओतलं, तांब्यामागून तांब्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. माझं मागणं एवढंच आहे की कुणीतरी माझी भेग लाखेने बुजवा. ते जमत नसेल तर मला चुलीत घाला. सेतुराम म्हातारा झालाय, पण दुपारच्या बसने तो अजूनही तिला न्यायला येतो.