सारखं मशीन

इंदापूरच्या कॉलेजात योगिनी शिरली तीच भांडायच्या तयारीनं. मागच्या वर्षी इथंच हरली होती, आणि तो राग वर्षभर काही केल्या उतरला नव्हता.

स्पर्धा बुद्धिबळाची, पण माणसांची नव्हे. मुलांनी आपापलं इंजिन लिहायचं, म्हणजे स्वतः चाली शोधून खेळणारा प्रोग्राम, आणि दोन इंजिनं एकमेकांवर सोडायची. मशीन ज्याचं त्यानं आणायचं. इथंच तर गोम होती! बारामतीच्या ऋषिराजचं मशीन सोळा कोअरचं, म्हणजे एकदम सोळा कामं उरकणारं. योगिनीचा लॅपटॉप म्हणजे तिच्या भावानं, सूरजनं, बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेला. दोन कोअर, त्यातला एक तर मशीन नुसतं चालू ठेवण्यातच गुंतलेला. कऱ्हाटीच्या घरात बसून त्या रडक्या मशीनकडून तिनं काम करून घेतलं होतं. मेमरी कमी, म्हणून थोड्याच चाली लक्षात ठेवायच्या. हिशेब साध्या बेरजेत उरकायचा. एका वेळी एकच विचार करायचा. ओळ न् ओळ तिनं घासूनपुसून लखलखीत केली होती. तरी हरली. कशामुळं? मशीनमुळं! दुसरं काही ऐकून घ्यायला ती तयारच नव्हती.

तिनं आयोजक दादासो सरांना टेबलापाशीच गाठलं. "सर, दोन्ही इंजिनं एकाच मशीनवर खेळवा. न्हायतर ही स्पर्धा प्रोग्रामची न्हाय, बापाच्या पैशाची हाय."

सरांचा चेहरा पडला. ऋषिराज मात्र हसला. "चालेल की. माझंच मशीन घ्या सर."

तो इतक्या पटकन कबूल झाला, याचाही तिला रागच आला.

डाव सुरू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात सोळा कोअर किती राबतायत ते दाखवणाऱ्या सोळा पट्ट्या दिसत होत्या. ऋषिराजच्या इंजिनाची पाळी आली की सोळाच्या सोळा वर उसळायच्या. योगिनीची पाळी आली की एकच पट्टी वर जायची, बाकीच्या पंधरा निवांत लोळत पडायच्या. बघता बघता तिच्या लक्षात आलं. सोळा जणांना काम वाटून द्यायला तिनं इंजिनाला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवणार कुठं? घरात रिकामा कोअर होता कुठं? ढीगभर मेमरी मोकळी पडली होती, आणि तिचं इंजिन सवयीनं चिमूटभरच वापरत होतं. ऋषिराजला पहिल्या दिवसापासून सोळा मिळाले, म्हणून त्याला सोळांचं सुचलं.

ती सगळे डाव हरली. मागच्या वर्षीपेक्षा वाईट हरली.

"आता तरी पटलं ना बाळ?" दादासो सर म्हणाले. "मशीन तर सारखंच होतं."

मागं कुणीतरी फिदीफिदी हसलं. योगिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्याकडं बोलायला एक कारण होतं, तेही या लोकांनी काढून घेतलं, आणि वर न्याय केल्याचा आव!

शेवटच्या बाकावरून तिचे वडील, तात्याबा, उठले. "योगे, चल. बास झालं."

"थांबा तात्या." ती सरांकडं वळली. "सर, सारखं तुमी आज दिलंत, खेळण्यापुरतं. लिहिताना कुठं होतं सारखं? माझी चार वर्षं ह्या डबड्यावर गेली. डबड्याला झेपंल तेवढंच मी लिहिलं. तेवढंच मला सुचलं! ते कोण मोजणार?"

सर प्रमाणपत्रं चाळू लागले.

मग तिनं आपला लॅपटॉप उचलला आणि ऋषिराजपुढं आदळला. "घे. पुढच्या वर्षापर्यंत तू ह्याच्यावर लिही, मी तुझ्या मशीनवर लिहिते. मग बघू कुणाला किती येतं ते. हाय कबूल?"

सगळ्यांच्या नजरा ऋषिराजकडं वळल्या. मघाशी पटकन हो म्हणणाऱ्या त्या पोरानं लॅपटॉपला हातही लावला नाही. आपल्या मशीनची वायर काढली आणि ते दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतलं.