चिमूटभर ताकद

थोरली डुकरीण दुसऱ्यांदा गाभडली तेव्हा वहिनीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. तिसऱ्यांदा गाभण राहिली तेव्हा मात्र वहिनीचा जीव टांगणीला लागला. "या खेपेला नाही टिकलं तर काढून टाकायची," असं नवऱ्याने सांगितलं होतं. शेडमधून काढलेली डुकरीण कुठे जाते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नवऱ्याच्या धाकट्या भावापासून जनावरांच्या डॉक्टरपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. थोरलीला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. लहानपणी थोरलीला ताप आला तेव्हा दुकानदाराने निळ्या डब्यातली पूड दिली होती. ताप गेला, पिल्लू तरारलं आणि घरात त्या पुडीचं नाव पडलं 'ताकदीची पूड'. डब्यावरचं बारीक अक्षर वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. बाकीच्या माद्यांना ती आजारपणात मिळायची, थोरलीला रोज सकाळी चिमूटभर, लाडाने. लाड करायला कुठे डॉक्टरची चिठ्ठी लागते?

दिवस भरायला तीन आठवडे होते आणि थोरलीने खाणं सोडलं. अंग तापलं, मागून घाण जाऊ लागली. डॉक्टरने नमुना तपासायला पाठवला. चौथ्या दिवशी तो तपासणीचा कागद घेऊन आला. नऊ औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे इंग्रजी 'आर'.

वहिनीचा चेहरा खुलला. "नऊच्या नऊ सारखीच. म्हणजे कुठलंही चालेल ना?"

डॉक्टरने चष्मा काढला. "वहिनी, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही."

"एकालाही?"

"एकालाही नाही. आधी काही चालू होतं का हिला?"

"छे. फक्त ताकदीची पूड."

त्याने डबा मागितला, उजेडात धरून वाचला. "हे जंतू मारायचंच औषध आहे, वहिनी. असं रोज थोडं थोडं दिलं की जंतू निर्ढावतात."

"मग आता काय देऊ?"

"पाणी पाजा. अंगावर ओलं फडकं ठेवा."

"आणि पिल्लं?"

"बघू," तो म्हणाला. जनावरांचा डॉक्टर 'बघू' म्हणतो तेव्हा त्याचं बघून झालेलं असतं.

दुपारी आठ पिल्लं पडली, आठही मेलेली. बाहेर नवरा फोनवर गाडीवाल्याशी बोलत होता. वहिनी थोरलीपाशी बसून राहिली. तिला आपल्याच बोटांची किळस आली. पाच वर्षं याच बोटांनी, याच चिमटीने. तिला भांडायचं होतं, पण भांडणार कुणाशी?

डबा शेजारीच अर्धवट उघडा पडला होता. पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून तिने झाकण दाबून बसवलं. टक्क वाजलं.

दोन दिवस मान न उचललेल्या थोरलीने त्या आवाजासरशी मान उचलली आणि तोंड उघडून वहिनीच्या हाताकडे बघत राहिली.