बूटवाल्याची अनवाणी पोर

“सगळं छान आहे गं, पण तुझ्या निबंधात रडू कुठंय?”

फोनवर म्बाक हेस्ती होती. विनार्तीच्याच कॉलेजातली, पण बरीच पुढची. विनार्ती जिच्यासाठी अर्ज करत होती तीच शिष्यवृत्ती मिळवून परदेशात संशोधन करून आलेली, आणि आता होतकरू पोरापोरींचे अर्ज फुकट तपासून देणारी. सगळे तिला म्बाक म्हणत, म्हणजे ताई, आणि तिचा शब्द खाली पडू देत नसत.

“कातडी कमावण्याच्या कारखान्यातलं पाणी जिवाणूंनी कसं साफ करायचं, ते मस्त मांडलंयस. पण परीक्षकांपुढे असे गठ्ठे पडलेले असतात, बाई. पहिल्या परिच्छेदातच त्यांचा घसा दाटला पाहिजे. घरची गरिबी, कुणाचं आजारपण... काहीतरी असेलच की!”

फोन ठेवल्यावर विनार्तीनं पुष्कळ आठवून पाहिलं. गरिबी म्हणावी अशी काही सापडेना. मोजोकर्तोच्या त्या गल्लीत पुढच्या खोलीत तिच्या वडिलांचं बुटांचं दुकान आणि मागच्या पडवीत काम. पाक कासिदी, म्हणजे कासिदीकाका, अशी त्यांची ओळख; त्यांच्या हातचा जोड म्हटला की गल्लीतली माणसं भाव करत नसत. शाळा सुरू व्हायच्या आधी ते पुठ्ठ्यावर तिचं पाऊल उभं करून पेन्सिलीनं आखून घेत आणि दरवर्षी नवा जोड शिवत. घरात पैशांचा ढीग नव्हता, पण तिचं कशावाचून अडलंही नव्हतं.

लेक सेकार मांडीवर झोपली होती. नवरा बातामला जहाजांच्या कामावर, ईदपुरता घरी येणारा. पोरीच्या जन्मानंतर दोन वर्षं विनार्तीनं प्रयोगशाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. अर्ज करायचा तर आत्ताच. एका हातानं पोरीला थोपटत तिनं दुसऱ्या हातानं लिहिलं:

‘माझे वडील रस्त्याच्या कडेला बसून लोकांचे फाटके बूट शिवत. साऱ्या गावाच्या पायांची काळजी वाहणाऱ्या त्या माणसाची मुलगी मात्र शाळेत अनवाणी जाई.’

वाचताना तिचा स्वतःचाच घसा दाटला. त्याची तिला जरा भीती वाटली, पण जरा बरंही वाटलं. कोण वाचणार आहे हे? जकार्तातली चार अनोळखी माणसं.

“हां! आता झाला अर्ज,” म्बाक हेस्तीनं कळवलं.

अर्ज पाठवायच्या आदल्या संध्याकाळी आईनं शेजाऱ्यांना प्रार्थनेला बोलावलं. परीक्षा असो की नवी मोटारसायकल, गल्लीत दुवा मागितल्याशिवाय काही सुरू होत नसे. दुकानातली कपाटं भिंतीला सारून चटया पसरल्या, पिवळ्या भाताची परात आली, पाण्याचा तांब्या आला.

“न्दुक, पोरी, तुझे कागदही ठेव गं मधोमध,” आई म्हणाली. “ज्याच्यासाठी मागायचं, ते समोर नको का?”

विनार्तीनं फाइल आणून ठेवली. ती कोणी उघडेल असं तिच्या मनातही आलं नाही.

प्रार्थना सांगायला मशिदीचे पाक मोदिन आले होते. त्यांची उभी हयात शाळेत शिकवण्यात गेलेली. ते बसले, चष्मा लावला आणि फाइलकडे पाहत म्हणाले, “नुसत्या पुठ्ठ्यावर दुवा कशी मागू? पोरीनं काय लिहिलंय ते चार माणसांना कळू दे की!”

“वाचा, वाचा,” पाक कासिदी म्हणाले. त्यांनी आज इस्त्रीचा बातिक सदरा घातला होता. “माझी शाळा सहावीपर्यंत. मलाही कळेल पोरगी काय करते ते.”

“राहू द्या ना, पाक,” विनार्ती घाईनं म्हणाली. “फार किचकट आहे, सगळी रसायनं आहेत त्यात.”

“किचकट आम्हाला? मी तुला भागाकार शिकवलाय!” पाक मोदिन हसले आणि त्यांनी वरचाच कागद उचलला.

विनार्तीला काय करावं सुचेना. आणि मग तिनं जे केलं ते पुढे कित्येक दिवस तिला आठवायचंही धाडस झालं नाही. मांडीवर बसलेल्या सेकारच्या पोटरीला तिनं चिमटा काढला. पोरगी रडेल, गोंधळ होईल, वाचणं राहून जाईल. सेकारनं आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिला काही उमगेना, आणि मग भोकाड पसरलं.

“दे इकडे, भूक लागली असेल,” म्हणून विनार्तीची आई नातीला उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली. खोली पुन्हा शांत झाली. पाक मोदिननी घसा साफ केला.

ते शाळेत वाचत तसं वाचत होते, प्रत्येक शब्द सुटा, खणखणीत. रस्त्याची कड आली. फाटके बूट आले. ‘अनवाणी’पाशी त्यांचा आवाज अडखळला, पण एकदा सुरू केलेलं वाक्य अर्धवट सोडणं मास्तरांना जमेना.

विनार्तीची कानशिलं भाजत होती. वडिलांकडे पाहायची तिची छाती झाली नाही. तिला फक्त त्यांचे गुडघे दिसत होते, आणि गुडघ्यांवरचे ते डिंकानं काळे पडलेले अंगठे.

“अनवाणी?” दाराशी बसलेल्या शेजारच्या बू तातिक, म्हणजे तातिककाकू, म्हणाल्या. त्यांच्या जिभेला गल्ली टरकून असे. “कोण, ही? अहो, हिचे बूट बघून माझा पोरगा जमिनीवर लोळण घ्यायचा! लाल पट्ट्याचे होते, ते विसरले होय मी?”

कोणीतरी फिसकन हसलं.

“खरं लिहिलंय तिनं,” पाक कासिदी म्हणाले.

विनार्तीनं मान वर केली.

“तुम्हाला बाहेरून दिसायचे बूट,” ते सावकाश, चटईकडे बघत म्हणाले. “ते विकायचे असत. सकाळी तिच्या पायात घालायचे, चार लोकांनी बघावेत म्हणून. जाहिरातच म्हणा. कोपऱ्यावर गेली की काढून पिशवीत. आणि रस्त्यावर बसायचो मी, बाजाराच्या दिवशी, पलीकडच्या गावात. सांगायला लाज वाटायची, म्हणून कधी बोललो नाही.”

“म्हणजे...” बू तातिकनी हिशेब लावला. “हिनं घातलेले बूट तुम्ही आम्हाला नवे म्हणून विकलेत?”

पाक कासिदींनी क्षणभर ओठ आवळले. उभ्या आयुष्यात त्यांनी जुनं कातडं नव्या जोडात लावलं नव्हतं. हे गल्लीला ठाऊक होतं, विनार्तीला तर होतंच.

“एखाददुसरा जोड,” ते हसून म्हणाले. “पोट होतं ना, बू.”

पाक मोदिननी घाईघाईनं हात वर केले आणि प्रार्थना सुरू केली. सगळे आमीन म्हणाले. भात खाल्ला, उरलेला डब्यांतून घरोघरी गेला. जाताना एकानं आपल्या चपलेचा तळ उलटून पाहिला. गंमत म्हणूनच, पण पाहिला.

माणसं पांगल्यावर बापलेक चटया गुंडाळत होते.

“बापाक, मी ते काढून टाकते. आत्ताच.”

“काढू नकोस.”

“खोटं आहे ते!”

“ते मला माहीत नाही होय?” त्यांनी चटई भिंतीला उभी केली. “त्यानं जागा मिळते ना तुला? मग राहू दे. सगळ्यांपुढे बोलून बसलोय मी. आता तू ते खोडलंस, तर मी बोललो ते कशासाठी?”

तिला रडू येत होतं, पण त्या निबंधानंतर त्यांच्यासमोर रडायचीही लाज वाटली.

ते आत जाता जाता थांबले. “एकच विचारतो. रस्त्यावर कशाला बसवलंस मला? दुकान तरी राहू द्यायचं होतंस.”

सेकार झोपली होती. पोटरीवर बारीकसा लाल डाग होता. विनार्तीनं त्यावर खोबरेल लावलं आणि लॅपटॉप उघडला. आधी तिनं निबंधात वडिलांना त्यांचं दुकान परत दिलं. पण दुकानवाल्याची पोर अनवाणी कशी जाईल? ते वाक्य उभंच राहीना. मग तिनं अनवाणी पाय खोडले. मग फाटके बूटही. पहिला परिच्छेद सगळाच खोडला गेला तेव्हा अर्ज थेट कारखान्यामागच्या काळ्या नाल्यापासून सुरू होत होता. कोरडा ठणठणीत. परीक्षकांचा घसा दाटेल असं त्यात काही नव्हतं. म्बाक हेस्तीला न विचारता तिनं सकाळी तो तसाच पाठवून दिला.

दुकानात जाऊन सांगायचं, असं ठरवून ती उठली. दारातच थबकली. काउंटरवर बू तातिकनी ईदसाठी सांगितलेल्या चपला होत्या आणि बाई त्यांचा प्रत्येक पट्टा नाकाशी नेऊन हुंगत होत्या.

“नव्याच आहेत ना, पाक? की नातीनं मिरवल्यात?”

“हुंगा, हुंगा,” पाक कासिदी मोठ्यानं हसत म्हणाले. “नातीचा पाय आत्ताच एवढा असता, तर तिला घरात ठेवलं नसतं मी, सर्कशीत दिलं असतं!”

बू तातिक हसल्या, पण पैसे देण्याआधी त्यांनी दुसरी चपलही उजेडात धरली. त्या गेल्यावर वडिलांनी काउंटर फडक्यानं पुसलं, मग पुन्हा पुसलं. मग त्यांचं दाराकडे लक्ष गेलं.

“पाठवलंस?”

“हो.”

“होतं तसंच ना?” त्यांनी विचारलं. डोळ्यांत काळजी होती, तिच्या जागेची.

तिनं तोंड उघडलं. नाही म्हटलं, तर कालचं सगळं वाया गेलं हे त्यांना आत्ता, इथं, उभ्याउभ्या कळणार होतं.

“तसंच,” ती म्हणाली.

“बरं झालं,” पाक कासिदी म्हणाले, आणि त्यांनी पुढचा जोड हातात घेतला.